उन्हाळ्यातली गुहा

हैदराबादच्या सुलतान बाजारात एकनाथराव मास्तर येताना दिसले की शहाणी माणसं कापडाच्या दुकानात शिरत आणि नको असलेलं धोतर घेऊन बाहेर पडत. मास्तर भूगोल शिकवत आणि गुहेबद्दल बोलत. तांडूरजवळ, त्यांच्या सासुरवाडीच्या शिवारात, चुनखडीत एक लांबलचक गुहा होती. दर मे महिन्यात बायकोला माहेरी पोचवून जावईबापू कंदील घेऊन जमिनीखाली जात. सासूबाईंना वाटे, जावई रुसले.

“सगळं पाण्यानं कोरलंय,” मास्तर सांगत. पाणी जणू केव्हाच पेन्शनीत निघालं होतं.

अठ्ठेचाळीसच्या भाद्रपदात शाळा बंद पडली म्हणून मास्तर सासुरवाडीला होते. रझाकारांनी शेजारचं गाव जाळलं, तसं हे गाव रानात पांगलं. मास्तर बायको भामाबाई आणि मेहुणा उमाजी यांना घेऊन गुहेत उतरले. पावसाळ्यात तिथं कुणीच कधी गेलं नव्हतं. उमाजीला शेत असे, मास्तरांना शाळा.

“दाजी, भिंती ओल्या लागतात.”

“असायच्याच. खालच्या बोळातून पलीकडे वाट आहे. मोकळी आहे का बघून ये. तिकडेच झोपू नकोस.”

“झोप तुमच्या धड्याला लागते,” म्हणत उमाजी उतरला.

बोळातल्या वाऱ्यानं कंदिलाची ज्योत नेहमी कललेली असे. थोड्या वेळानं ती सरळ उभी राहिली. बोळ पाण्यानं बुजला, हे मास्तरांना तेव्हा कळलं. हाका मारल्या, पण पाणी वर चढत होतं. भामाबाईंना ओढतच त्यांनी बाहेर काढलं.

काही दिवसांत फौजा आल्या, निजामी संपली, गावात गूळ वाटला. गुहेतलं पाणी मात्र बोळ बुजवूनच राहिलं. उमाजी बुडाला असं धरून सगळ्यांनी दिवसकार्य उरकलं.

मार्गशीर्षात बोळ मोकळा झाल्यावर मास्तर एकटे आत गेले. पुढचं त्यांनी मला सांगितलं ते पुष्कळ वर्षांनी, भामाबाई वारल्यावर. उमाजी बोळापलीकडे उंच कट्ट्यावर होता. पाणी तिथवर पोचलंच नव्हतं; पलीकडची वाट मात्र दगडांनी बुजलेली होती. उशाला घोंगडी, चंची रिकामी. कट्ट्याखालच्या भिंतीवर अंधारात चाचपडत दगडानं ओढलेल्या रेघा होत्या, एकीखाली एक. पाणी किती उतरलं ते तो बघत होता.

घोंगडीत गुंडाळून मास्तरांनी त्याला वर आणलं. गुहेच्या तोंडाशी भामाबाई उभ्या होत्या.

“कुठं सापडला?”

“खालीच. पाण्यात.”

“मग लगेच गेला असेल. वाट बघत बसला नसेल.”

“नाही,” मास्तर म्हणाले.