मी प्रॉम्प्टर थांबवला

ज्या माणसावर मी सूड उगवला तो बावळट नव्हता, हे आधी सांगते. बातमीचा वास त्याला आमच्या सगळ्यांच्या आधी यायचा.

आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, जयेंद्रगंज भागात, गाद्यांच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. शहरापुरत्या बातम्या देणारी वेबसाइट, तिचंच यूट्यूब चॅनल आणि फेसबुक पेज. मालकच संपादक, आम्ही पाच जण त्यांना सर म्हणायचो. नळाला पाणी कधी येणार, कंपू भागातल्या चौकात कुठल्या सांडानं कुणाला उडवलं, हे लोकांना आमच्याकडून कळायचं. मी चार वर्षं तिथे होते. शूट करायचं, लिहायचं, आणि रोज संध्याकाळी सहाला सर पाच मिनिटं लाइव्ह बोलायचे, तेही मीच लिहायचे. ते आधी वाचतसुद्धा नसत. कॅमेऱ्यापुढे प्रॉम्प्टरची काच होती, तिच्यावर अक्षरं सरकायची आणि सर ती वाचायचे. अक्षरं सरकवायचं बटण माझ्या मोबाइलवर, त्यावर अंगठा दाबून ठेवला तरच ती सरकायची. बघणाऱ्यांना वाटायचं, काय बोलतो हा माणूस, हातात कागद नाही की काही नाही.

त्या वर्षी गणपतीत खासगी बाजार मोहल्ल्यातल्या आमच्या मराठी मंडळानं बाईंचा सत्कार ठेवला. बाई म्हणजे शाळेत आम्हाला हिंदी आणि संस्कृत शिकवणाऱ्या बाई. माझी आईसुद्धा त्यांचीच विद्यार्थिनी. माझ्या मराठी वळणाच्या हिंदीला वर्गातल्या मुली हसायच्या, तेव्हा दहावीच्या आधी चार महिने बाईंनी मला घरी बसवून व्याकरण शिकवलं. म्हणायच्या, "हसू दे त्यांना. तू अशी लिही की त्यांचे दात त्यांच्याच घशात जातील." पुढे मी हिंदी लिहून पोट भरलं ते त्या चार महिन्यांच्या जोरावर.

सत्काराची बातमी करायला मी हौसेनं गेले. बाई उभ्या राहिल्या, छान बोलल्या, मग दरवर्षी पहिल्या तासाला शिकवायच्या तो श्लोक म्हणायला लागल्या. दुसऱ्या चरणात थांबल्या. माइक धरून समोर बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "मी काय सांगत होते?" कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या, आणि त्यांना हात धरून खाली बसवलं. वय अठ्ठ्याहत्तर. हॉलमध्ये कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी सगळं शूट केलं, ऑफिसला पाठवलं आणि बातमीही लिहून दिली.

सकाळी पेज उघडलं तर माझी बातमी कुठेच नव्हती. होती ती एक छोटी क्लिप. 'मंच पर मैडम की बत्ती गुल.' बाईंचं ते एकच वाक्य तीनदा, आणि दरवेळी मागे भोंग्याचा आवाज.

मी धावत सरांच्या केबिनमध्ये गेले. "सर, ये हटा दीजिए. मेरी टीचर हैं वो."

"अरे, चल रहा है. इस हफ्ते इतना कुछ नहीं चला."

"उनकी उम्र तो देखिए, सर."

"हमने झूठ क्या दिखाया? यही बोलीं न?" मग ते हसले. "तुम मराठी लोग दिल पे बहुत लेते हो."

बाईंनी घराबाहेर पडणं सोडलं. आई सांगायची, सकाळी गाड्यावर भाजी घ्यायला यायच्या त्या आता येत नाहीत. एक दिवस निघाल्या होत्या, तर गल्लीत कुणीतरी तोंडानं भोंगा वाजवला. त्या तशाच परत फिरल्या. मी दोनदा त्यांच्या घरापर्यंत जाऊन दार न वाजवताच परत आले.

घरचे म्हणाले, राजीनामा दे. राजीनामा दिला असता तर सरांनी आठवड्यात दुसरी मुलगी ठेवली असती आणि मला विसरून गेले असते. मला ते नको होतं. मी थांबले. रोज त्यांच्यासाठी आधीपेक्षा चांगलं लिहायला लागले. लोक कौतुक करायचे, सर फुलायचे. मी मनात म्हणायचे, अजून थोडे फुगा, सर.

ज्येष्ठ नागरिक दिन आला. सर म्हणाले, "आज बुजुर्गों के सम्मान पर लिखो. कुछ भावुक."

मी लिहिलं, मन लावून लिहिलं. सहा वाजता सर जाकीट घालून कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. दोन मिनिटं उत्तम बोलले, आवाजही मध्येच भरून आला. मग ते वाक्य आलं: "और जब हमारे बुजुर्ग कुछ भूल जाते हैं, तब हमारा कर्तव्य है कि..."

तिथे मी अंगठा उचलला.

"कर्तव्य है कि," सर पुन्हा म्हणाले. काचेवर पुढचं अक्षर आलं नाही. "कि... हमारा ये कर्तव्य है..." त्यांनी कानाला हात लावला, जणू तिथे इअरफोन आहे. कानात काही नव्हतं. मग त्यांची नजर काचेवरून माझ्याकडे आली. मीही बघत राहिले. कपाळावरचा घाम दिव्यात चमकायला लागला. मनचं एक वाक्य बोलले असते तरी सुटले असते. ते त्यांच्याकडे नव्हतं. लाइव्ह शेवटी मीच बंद केलं, मला वाटलं तेव्हा. खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला पहिल्या पगारालाही झाला नव्हता.

तासाभरात ती क्लिप शहरातल्या सगळ्या पेजवर फिरत होती. भोंगासुद्धा कुणीतरी लावलाच. मी नाही लावला, तशी गरजच पडली नाही.

सरांनी मला आत बोलावून दार लावून घेतलं. "जानबूझकर किया?"

"हो," मी मराठीत म्हणाले.

त्यांनी हातातला मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. मग म्हणाले, "पेज पर लिख दो कि मशीन खराब थी. हम तुम्हारी टीचर वाली हटा देते हैं."

"पहले हटाइए. सब जगह से, मेरे सामने."

एकेक जागेवरून त्यांनी ती काढली. मी मागे उभी राहून पाहिलं. मग पर्स खांद्याला लावली आणि निघाले.

"और वो? लिखना?"

"लिखना तो आपको आता ही होगा, सर."

दुसऱ्या दिवशी बाईंकडे गेले. त्यांनीच दार उघडलं. उंबऱ्यातच मी त्यांना सगळं सांगितलं, पहिला नंबर आल्यासारखं. त्यांनी ऐकून घेतलं.

"काढली म्हणतेस. बरं झालं," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "मी अडखळले तेव्हा तू समोरच होतीस ना?"

"हो, बाई."

"मी तुझ्याकडेच बघत होते, बेटा. वाटलं, हिला पाठ आहे, ही पुढचा शब्द सांगेल. तू कॅमेऱ्यातून डोळाच काढला नाहीस."

"मी पडते जरा," म्हणून त्यांनी दार लोटून घेतलं.

ते माझ्या माथी आहे आणि राहील. पण म्हणून सरांच्या वाट्याचं काही कमी होत नाही. मी आता एका कोचिंग क्लासचे व्हिडिओ करते. सरांचं पेज चालू आहे, बोलायला मात्र दुसरंच कुणी असतं.

मागच्या उन्हाळ्यात कंपूला औषधाच्या दुकानात मी आईच्या गोळ्या घेत होते. सर आत यायला निघाले, मला बघितलं आणि पायरीवरूनच मागे फिरून उन्हात स्कूटरपाशी उभे राहिले. माझ्या गोळ्या घेऊन झाल्या होत्या. मी दुकानदाराला म्हणाले, "भैया, इन गोलियों की एक्सपायरी दिखाना ज़रा," आणि एकेक पाकीट उलटसुलट करून वाचत बसले.