सुमनच्या आखूड पायाच्या स्टुलावर

सुमननं मला फसवलं. ती जाऊन पाच आठवडे झाले, पण म्हणून हे वाक्य मी गोड करून लिहिणार नाही. बेंगळुरूजवळ बोम्मसंद्र्याच्या कपड्यांच्या कारखान्यात आम्ही दोघी पाठीला पाठ लावून नऊ वर्षं शिवत होतो. दोघी निपाणीकडच्या. बाहेर पडायचं ते एकत्र आणि जयनगरात दुकान काढायचं ते दोघींचं, असं ठरलं होतं. जागा मी घासाघीस करून मिळवली, किल्ली घेऊन धावत तिच्याकडे गेले, तर ती म्हणाली, "मंदे, तू एकटीसुद्धा दुकान चालवशील गं. ह्या अकरा जणींचं तसं नाही." अकरा जणी म्हणजे कारखान्यानं त्याच महिन्यात कमी केलेल्या बायका. त्यांचा गट करून ती तिथंच एका पत्र्याच्या खोलीत राहिली. मी किल्ली मुठीत धरून बसनं परत आले...

ती गेल्याचं कळलं तेव्हा मी दुकानात एका व्यापाऱ्याशी अस्तराच्या कापडावरून भांडत होते. गटातल्या रेणुकाचा फोन आला. "मंदाक्का, अक्का सकाळी मशीनवर बसली, आणि..." मी फोन ठेवला आणि व्यापाऱ्याला म्हटलं, तू सांगितलास तोच भाव. असं मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं. तो घाबरून मलाच खुर्ची द्यायला लागला.

तिच्या गटाचा एक नियम होता. मदत द्यायला जो येईल त्यानं आधी खोलीच्या मधोमध ठेवलेल्या स्टुलावर बसायचं. कारखान्याच्या भंगारातलं ते स्टूल. एक पाय आखूड, त्यामुळे दोन्ही पावलं जमिनीवर घट्ट टेकवल्याशिवाय बसताच येत नाही. मग बायका विचारणार : हे आम्हालाच का देता? बदल्यात काय हवं? आणि बोलल्याप्रमाणे झालं की नाही, हे सांगायला परत कधी येणार? त्याची उत्तरं झाली की गटातली एक जण त्याच स्टुलावर बसणार आणि देणारा तिला विचारणार. जिनं शब्द दिला ती हजर नसेल, तर तिच्या जागी दुसरीनं बसायचं. "ती आज आली नाही" हे उत्तर सुमन चालवून घ्यायची नाही.

दुकान चालायला लागल्यावर मी तीन नव्याकोऱ्या मशिनी टेम्पोत घालून तिच्या दाराशी नेल्या. खरं सांगायचं तर मदत करायला नाही, दाखवायला नेल्या. सुमननं मशिनींवरून हात फिरवला आणि स्टूल पुढं सरकवलं.

"बस."

"मी? मी परकी आहे का गं?"

"परकी नाहीस, म्हणून तर म्हणते. तू बस, मग मी बसते. तुला मला काय विचारायचंय ते ठाऊक आहे मला."

"मी द्यायला आलेय, सुमे. परीक्षा द्यायला नाही!"

"मग ने परत. नुसतं घेऊन आम्ही कायमच्या खाली मान घालणार नाही."

मी काय काय बोलले ते इथं छापता येणार नाही. मशिनी त्याच टेम्पोतून जयनगरला परत आल्या. ड्रायव्हर वाटेत म्हणाला, "अक्का, मशिनींना बेंगळुरू छान दाखवलं तुम्ही." त्यालाही मी सोडलं नाही.

तीन महिन्यांनी एका मदत करणाऱ्या संस्थेचा साहेब त्या स्टुलावर बसला. चकचकीत बूट, पावलं टेकवून. त्यानं काजाच्या मशिनी दिल्या, कटिंग शिकवायला मास्टर धाडला, आणि सहा महिन्यांनी खरंच परत आला. त्या दिवशी मी सहज म्हणून तिकडे गेले होते... सहज कसली, बघायलाच गेले होते. मास्टर निम्मे दिवस आलाच नाही, हे बायकांनी साहेबाच्या तोंडावर सांगितलं. त्यानं चूक कबूल केली, मास्टर बदलून दिला. मग रेणुका बसली आणि कापडाचं एक अख्खं ठाण आम्ही उलटं कापलं म्हणून सांगून मोकळी झाली. सगळ्या हसल्या, तोही हसला. सुमननं त्याला कॉफी दिली ती तिच्या पोचा पडलेल्या स्टीलच्या पेल्यातून. त्या पेल्यातून कारखान्यात आम्ही दोघीच प्यायचो. मी दारातूनच मागं फिरले.

आज त्या बायका शाळांचे गणवेश स्वतःच्या नावावर शिवतात, कुणाच्या दाराशी काम मागायला जात नाहीत. भाव पटला नाही की कापडाची घडी घालून गप्प बसतात आणि समोरच्याला बोलू देतात. ही युक्ती माझी. सुमनला मी शिकवलेली, तिनं अकरा जणींना वाटली. माझ्याकडे मात्र नुसतं दुकान आहे.

गेल्या रविवारी मी त्या खोलीत गेले. त्याच तीन मशिनी नेल्या. इतकी वर्षं वापरल्या नव्हत्या, विकल्याही नव्हत्या. सुमनची मशीन झाकलेली होती. कुणी काही म्हणायच्या आत मी स्टूल ओढलं आणि बसले. पावलं टेकवली.

रेणुका चाचरत म्हणाली, "मंदाक्का, तुम्ही स्वल्प आराम तरी..."

"विचार गं."

"आम्हालाच का देता?"

"कारण ती तुमच्याकडे होती."

"बदल्यात काय हवं?"

"एक उत्तर."

"परत कधी येणार?"

"पुढच्या रविवारी."

मग मी उठले आणि स्टूल त्यांच्याकडे सरकवलं. ठरलेल्या दुकानाची किल्ली माझ्या हातात असताना ती तुमच्याकडे का राहिली, मला कुणी सांगायचं? कुणी पुढं आलं नाही. रेणुका खाली बघत म्हणाली, "अक्का नाही ना आता..."

हे उत्तर त्या खोलीत चालत नाही, बायांनो. नियम तुमच्याच अक्कानं केला. तिचा मला शब्द होता : तू बस, मग मी बसते. मी उशिरा का होईना, बसले. तुम्ही अकरा जणी आहात. रविवारी मी येते आहे. तिच्या जागी कोण बसतंय?