कागदाची मागची बाजू

हे मी आईला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. आज तुम्हाला का सांगते आहे — ते माझं मलाच नीट कळत नाही.

झाशीत आमच्यासारखी मराठी घरं थोडी, आणि त्यांत मोडी वाचणारी तर बोटांवर मोजण्याइतकी. मला बाबांनी शिकवली होती. त्या जोरावर मी इतिहासात पीएच.डी. करत होते — दुष्काळात इकडचे लोक काय खाऊन जगले, हा विषय. माझ्यासोबतची रजनी वनस्पतिशास्त्राची, जवळच्या एरच गावची. जुन्या कागदांतली नावं मी वाचायची, ती झाडं तिनं शोधायची आणि पोषणाच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यायची. प्रबंध दोन, काम एकत्र.

ती माझं काम चोरते आहे, हा संशय कधी शिरला? बहुधा तिनं माझी वही हॉस्टेलवर नेली तेव्हा. विचारून नेली होती — तरीही. मग एकदा ती माझ्या सरांच्या खोलीतून बाहेर आली आणि मला पाहून गप्प झाली. झाली, की मला तसं वाटलं? मी तिच्या टेबलावरचे कागद चाळू लागले, ती नसताना. काही सापडलं नाही. सापडलं नाही म्हणून संशय आणखी वाढला — असं तुमचं कधी झालंय?

त्याच दिवसांत गुरसरायच्या एका मराठी घरातून एक कागद मिळाला. दुष्काळात कोठीतलं धान्य संपलं तर लोकांनी काय खावं, याची नोंद. त्यात एका रानकंदाचं नाव होतं — उकडून खावा. रजनी हरखलीच. बेतवा नदीच्या काठी तो कंद तिनं पाहिला होता; तो खाणारं मात्र आता कुणी उरलं नव्हतं.

"बस इतना ही लिखा है, दीदी?"

कागद माझ्या हातात होता. मागच्या बाजूला आणखी दोन ओळी होत्या — चकत्या करून तीन दिवस वाहत्या पाण्यात ठेवाव्या, मगच उकडाव्या, नाहीतर बाधतो.

"हाँ, इतना ही," मी म्हणाले.

एवढं तरी माझं एकटीचं राहावं — असं काहीसं मनात होतं. तो बाधला तर? हा विचार आला नाही, असं म्हणणार नाही. आला होता.

तिनं कंद उकडला. चव लिहून ठेवायची म्हणून एक फोड खाल्ली. दोन दिवस उलट्या. मी हॉस्टेलवर मऊ खिचडी घेऊन गेले, तिच्या उशाशी बसले. "हमसे ही कुछ गलती हुई होगी, दीदी," ती म्हणाली. तेव्हा सांगायला कितीसा वेळ लागला असता? मी डबा धुतला आणि घरी आले.

प्रयोगशाळेनं कंद विषारी ठरवला. विषारी कंदावर माणसं जगली कशी, या प्रश्नाला समितीपुढं तिच्याकडे उत्तर नव्हतं. दोन वर्षांचं काम बाद झालं. ती एरचला परत गेली, शाळेत शिकवू लागली. माझ्या प्रबंधात कागदाच्या दोन्ही बाजू छापल्या आहेत. मला कुणी काही विचारलं नाही.

पुढं कितीतरी वर्षं मी नियतकालिकांत तिचं नाव शोधत होते. तिनं माझं काही चोरलेलं सापडावं म्हणून. एक ओळ मिळाली नाही.

गेल्या हिवाळ्यात ती बसस्टँडवर भेटली. सोबत कॉलेजात जाणारी मुलगी होती. "यही हैं वो दीदी," रजनी तिला म्हणाली, "जिनसे हमने इतना कुछ सीखा." मुलगी पाया पडायला वाकली. मी रजनीच्या चेहऱ्याकडे बघत राहिले — हिला कळलंय का? टोमणा आहे का हा? तेव्हाही मला तेवढंच सुचलं.

मुलीच्या डोक्यावर मी हात ठेवला. एरचची बस लागली, त्या दोघी चढल्या.