आत्याच्या घराची किल्ली

माझी आत्या जन्मभर मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. लग्न केलं नाही. भंडाऱ्यात चर्चच्या कुंपणाला लागून तिचं दोन खोल्यांचं कवेलूचं, म्हणजे कौलारू, घर आहे, आणि आपल्यामागे ते चर्चला द्यायचं, असं तिनं मृत्युपत्रात लिहून ठेवलं. मी तिचा एकुलता भाचा. ही बातमी पसरली तेव्हा चर्चमधले लोक माझ्याशी इतक्या हळुवारपणे बोलू लागले, की जणू माझ्याच घरी मयत झाली असावी.

आत्याचा मात्र मान वाढला. ती उपासनेला आली काय अन् न आली काय, याची आजवर कोणाला फिकीर नव्हती. आता तिच्यासाठी पंख्याखालची खुर्ची राखून ठेवली जाई. पाळकसाहेब दर रविवारी तिच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करत, आणि त्यात ‘प्रभू, तुझ्या इच्छेप्रमाणे’ हे शब्द जरा जास्तच दाबून म्हणत. पंच कमिटीच्या सेक्रेटरीनं तर एका संध्याकाळी तिच्याच हातचा चहा पिऊन तिच्याच अंगणात पावलांनी जागा मोजली. हा गृहस्थ जन्मला तेव्हा आत्यानंच त्याला उलटा धरून रडवलं होतं. ते उपकार तो असे फेडत होता.

कमिटीला सभागृह बांधायचं होतं. अडचण एकच होती, आत्या मरत नव्हती. म्हणून तिला समजावणं सुरू झालं. मृत्युपत्र काय, कधीही बदलता येतं. शिवाय मागून भाचे कोर्टात जातात. इथं सगळे माझ्याकडे बघत. त्यापेक्षा आताच बक्षीसपत्र करून द्या, म्हणजे घर लगेच चर्चच्या नावावर होईल. मग आत्यानं राहायचं कुठं? तर चर्चमागे फुटके बाक आणि नाताळच्या गव्हाणीचं सामान ठेवायची खोली होती. पाळकसाहेबांनी त्या वेळी प्रभूसुद्धा गोठ्यातच जन्मला याची आठवण करून दिली. ते स्वतः चर्चच्या बंगल्यात राहतात. मला भयंकर राग आला, पण मी तोंड उघडलं असतं तर ते घराच्या हावेनं, असंच सगळ्यांनी धरलं असतं.

आत्या हो म्हणेना, नाही म्हणेना. तेवढ्यात हंगामाचा सण आला. धानाची कापणी झाली की एका रविवारी जो तो आपल्याकडचं काहीतरी ताटात घालून वेदीपुढे ठेवतो. कोणी धानाच्या लोंब्या, कोणी तलावातले शिंगाडे, कोणी कोहळं, कोणी जिवंत कोंबडी. उपासना संपली की आवारात त्या सगळ्याचा लिलाव होतो. वेदीपुढे ठेवलेलं परत उचलायचं नाही, हा नियम. हवंच असेल तर ज्यानं ठेवलं त्यानंच बोली लावून ते सोडवायचं.

सेक्रेटरीच्या डोक्यात आलं, की यंदा आत्यानं घराची किल्ली ताटात ठेवावी. नुसती खूण म्हणून. लोकांना स्फूर्ती मिळेल, आणि चारचौघांत दिलेल्या गोष्टीवर सोमवारी सही करताना म्हातारी मागे हटणार नाही. आत्या लगेच हो म्हणाली. इतक्या लवकर ती आयुष्यात कशाला हो म्हणाली नव्हती.

लोंब्यांवर ठेवलेली किल्ली पाहून पाळकसाहेबांनी त्या दिवशीची प्रार्थना दुप्पट लांबवली. मग बाहेर लिलाव सुरू झाला. पुकारा करणारे आमचे वृद्ध पंच हातात येईल ते ताट विकतात. शिंगाडे गेले, कोहळं गेलं, आणि त्यांनी किल्लीचं ताट उचलून सवयीनं बोली मागितली. सेक्रेटरी धावत पुढे आला. हे ताट लिलावाचं नाही, असं तो सांगू लागला, तशी आत्या उठून उभी राहिली.

“कायले नाही, बाबू? वेदीपुढं ठेवलेलं बिना बोलीचं कोणाच्या घरी गेलं आजवर? घ्या, माझी बोली. एका कोहळ्याच्या भावात.”

लोक हसले, आणि मग हसू थांबलं. म्हातारीच्या डोक्यावरच्या छपरासाठी सगळ्यांदेखत वरचढ बोली कोण लावणार? सेक्रेटरीनं पाळकसाहेबांकडे पाहिलं, पाळकसाहेबांनी कोंबडीकडे. एक वार, दोन वार, तीन वार झालं. आत्यानं कोहळ्याचे पैसे दिले आणि किल्ली कमरेला खोचली.

सोमवारी ती वकिलाकडे गेली खरी, पण मृत्युपत्रात एक अट घालायला. आपण आपल्या घरात, आपल्या खाटेवर मेलो तर घर चर्चचं. दुसरीकडे कुठंही मेलो तर भाच्याचं. तेव्हापासून मी तिला दोन दिवस आमच्याकडे राहायला बोलावलं तरी कमिटीला घाम फुटतो.

यंदा उन्हाळ्यात तिचे कवेलू फेरायला, म्हणजे काढून पुन्हा नीट बसवायला, माणूस मिळेना, तर सेक्रेटरी स्वतः छपरावर चढला. जे घर पाडायला निघाला होता, त्याच्याच कवेलूंवर तो भर उन्हात ओणवा झाला होता. मी खाली शिडी धरून उभा होतो आणि मनापासून खूश होतो. आत्या अंगणातल्या निंबाच्या सावलीत खुर्ची टाकून बसली होती.

“ते कोपऱ्यातलं नीट बसव, बाबू,” ती म्हणाली. “पावसाळ्यात टपकते तिथं. अन् घाई नको करू. मले इथंच मराचं आहे, पण इतक्यात नाही.”