दादाचा गुडघा आणि विषाणूचा डबा

आमच्या वरंधकडच्या वाडीत गुडघा सुजला की त्याला वात म्हणायचे, आणि वात म्हटला की माणसाला सवच्या गरम पाण्याच्या कुंडात नेऊन बसवायचे. मग दुखणं कसलं का असेना. तिथंच माझं डोकं फिरायचं.

दादाच्या गुडघ्यात वात नव्हता, रक्त होतं. मुंबईच्या डॉक्टरांनी हिमोफिलिया असं नाव सांगितलं होतं. रक्त गोठवणारं एक प्रथिन त्याच्या यकृतात नीट बनतच नाही. पाय मुरगळला तरी आतल्या आत रक्त साठतं, आणि शेकलं की आणखी वाहतं. हा दोष आईकडून आला म्हटल्यावर मुंबईला असणाऱ्या थोरल्या काकांनी आईच्या माहेराचा उद्धार केला आणि डॉक्टरांचा कागद फळीवर टाकून दिला.

मी तेव्हा महाडला कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होते. एकदा सरांनी फळ्यावर विषाणू काढला. तो पेशीच्या दाराशी येतो, ओळखीचा वाटतो, पेशी त्याला आपणहून आत घेते आणि त्यानं आणलेला निरोप स्वतःच राबवते. लबाड मेला! मग सर म्हणाले, त्यातला रोगाचा निरोप काढून हवा तो जनुक भरायचे प्रयत्न चालू आहेत. पुढचं मी वहीत लिहिलंच नाही.

घरी येऊन दादाला समजावलं. एसटीच्या ड्रायव्हरकडे आपण मुंबईला डबा देतो ना, तसं. विषाणू म्हणजे गाडी, तिला रस्ता पाठ; डब्यात कोणता जनुक भरायचा ते आपल्या हातात. पण शरीराच्या पहारेकऱ्यांनी गाडी ओळखली की ते पुन्हा आत सोडत नाहीत, हेही सांगितलं. खोटी आशा कशाला दाखवू? तेव्हापासून डबा निघाला का म्हणून तो मला चिडवायचा.

त्या मे महिन्यात काका मुंबईहून आले होते आणि दादा पडवीच्या पायरीवरून घसरला. गुडघा नारळाएवढा झाला. काकांनी सवला न्यायला जीप बोलावली. वडील मान खाली घालून बसले. मी उंबऱ्यात फतकल मारली. हटले नाही. चार बुकं शिकली म्हणून मोठ्यांना अक्कल शिकवते, असं काका म्हणाले.

"काका, कुंडात नेलंत तर पाय कायमचा जाईल. जीप न्यायचीच तर महाडला, दवाखान्यात."

काकांपुढे कधी तोंड न उघडणारी आई चुलीपासून उठून आली.

"माजा भाव दात काढला नि रगत वाहून मेला. तवा मी गप रायले. आता नाय. पोरगी सांगते तिकडंच जीप जाईल."

जीप महाडला गेली. वाटेत मासळीबाजारातून बर्फ घेतला. बोंबलांच्या वासाचा तो बर्फ मी वाटभर गुडघ्याला लावून धरला. महाडच्या डॉक्टरांनी पाय बांधून आम्हाला तसंच मुंबईला पाठवलं. पाय वाचला. जरा वाकडा राहिला, पण वाचला.

आता मीच तो विषाणू फळ्यावर काढते. डबा अजून आमच्या वाडीला पोचलेला नाही, याचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही. परवा घरी गेले तर दादानं पुन्हा विचारलं, "डबा निघाला का गो?"

निघालाय, वाटेत आहे, मी म्हटलं.

"येऊ दे सावकाश. तवर ह्याच पायानं मी ष्टँडवर जाऊन उभा रायतो."