व्हर्नाच्या हातचे केस

व्हर्ना स्टकीला चिडायला कारण लागत नसे, पण सत्त्याऐंशी साली कारणंही भरपूर होती. रिसीडा या उपनगरात तिचं पार्लर होतं. सकाळी म्हाताऱ्या यायच्या, केस कुरळे करून घ्यायच्या आणि सुनांची गाऱ्हाणी सांगायच्या. दुपार टळली की पोरं यायची. चट्ट्यापट्ट्यांच्या घट्ट विजारी, डोळ्यांत काजळ, ओठांना लाली. सगळी हेवी मेटलचं दणदणाटी संगीत वाजवणारी आणि सगळी येत्या वर्षी जगप्रसिद्ध होणारी. त्यांचे केस उलटे विंचरून फुगवायचे आणि वर स्प्रे मारायचा, हे तिचं काम. त्या स्प्रेनं तिला कायमचा खोकला जडला होता. "तुमच्यातल्या एकाला तरी गाता येतं का रे?" असं ती खोकत खोकत विचारायची.

एकाला येत होतं आणि तो तिचाच धाकटा भाऊ होता, हेच तर दुखणं! आई गेल्यावर लाईल बेकर्सफील्डहून तिच्याकडे आला, तो तिच्या सोफ्यावरच राहिला. काजळही तिचंच वापरायचा. त्याच्या बँडचं नाव सॅटिन कोब्रा. नावाला नावं ठेवा, पण तो गुणगुणायला लागला की पार्लरातल्या म्हाताऱ्या ड्रायरखालून डोकं बाहेर काढायच्या. सनसेट रस्त्यावरच्या क्लबांत वर्षानुवर्षं गाऊन झालं, तरी रेकॉर्ड काढू म्हणून कुणी मोठी कंपनी दारात आली नव्हती. या वर्षी नाही जमलं तर गावी जाऊन टायरच्या दुकानात बसायचं, असं त्यानं ठरवलं होतं. टायरच्या दुकानात, तो आवाज घेऊन!

शेवटी एका कंपनीचा हॅलोरन नावाचा माणूस गुरुवारी क्लबात त्याचं गाणं ऐकायला येणार असं कळलं.

"आज तरी केस वेगळे करू दे," व्हर्ना म्हणाली. "काळे करते, बारीक कापते, काहीही."

"वेडी आहेस का? सगळ्यांचे असेच असतात."

"म्हणून तर म्हणते, गाढवा!"

पालथ्या घड्यावर पाणी. पिवळेधमक केस वीतभर उभे आणि कपाळावर गुलाबी रुमाल, हेच हवं. त्याच्या आधी खुर्चीत किप ओडल बसून गेला होता. तो रूबी रेझर या दुसऱ्या बँडचा गायक. त्यालाही हेच हवं होतं, रुमालासकट. व्हर्नानं दोघांनाही शिव्या देत फुगवून दिलं.

लाईल त्या संध्याकाळी असा गायला, की भिंतीला टेकून उभी असलेली व्हर्ना खोकायचंसुद्धा विसरली. पण नंतर कंपनीचा फोन काही आला नाही. आठवडा गेला. "आवडलं नसेल," लाईल म्हणाला आणि बॅग शोधायला लागला.

पुढच्या खेपेला किप खुर्चीत बसला तो फुशारकी मारतच. "गंमत सांगू? त्या गुरुवारी मी क्लबबाहेर आमची पत्रकं वाटत होतो. कंपनीचा एक माणूस बाहेर आला, माझा हात धरला आणि म्हणाला, तुझं शेवटचं गाणं ऐकून अंगावर काटा आला. मी तर त्या दिवशी गायलोच नव्हतो! मी म्हटलं, थँक्यू."

"आणि?"

"आणि काय? आमची टेप दिली, त्याला चालली. आता करारावर सह्या व्हायच्या."

आयत्या बिळावर नागोबा! लाईल तेव्हा आत ड्रम आणि वायरी आवरत असणार. आपलं सामान आपणच उचलायचं, असा तिथला नियम. व्हर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे, तिथं आमचा लाईल गायला!"

"असं होय?" किप आरशात बघत म्हणाला. दुसऱ्याचं गाणं ऐकायची त्या पोरांत पद्धतच नव्हती. "ही बाजू जरा कमी फुगलीये गं."

गुरुवारी हॅलोरन पुन्हा येणार होता. बॅग भरणाऱ्या लाईललाही यायला लावून, पार्लरला कुलूप ठोकून व्हर्ना क्लबच्या दारात जाऊन उभी राहिली. तो मोटारीतून उतरतो न उतरतो तोच तिनं त्याला गाठलं.

"तुम्ही चुकीचं पोरगं धरलंय! तुम्ही ऐकलंत ते माझ्या भावाचं गाणं होतं."

"बरं. दाखवा तुमचा भाऊ."

फुटपाथवर पोरांची ही गर्दी, सगळी पाठमोरी, सगळी पत्रकं वाटणारी. व्हर्ना तरातरा गेली, गुलाबी रुमालवाल्याचा दंड धरला आणि त्याला गर्रकन फिरवलं. "हा बघा, हा!"

तो किप होता. दात काढून हसला.

"व्हर्ना, मी इकडं आहे गं," चार पावलांवरून लाईल म्हणाला.

हॅलोरननं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "बाई, तुमचा सख्खा भाऊ तुम्हाला ओळखू येत नाही, तो मी ओळखायचा?" असं म्हणून तो किपच्या खांद्यावर हात टाकून आत गेला.

"मग तिकडं का उभा होतास मेल्या!" व्हर्ना लाईलवरच ओरडली, आणि तिथंच रस्त्यात रडायला लागली.