चाखणं खाण्यात धरत नाहीत

कारखान्याच्या कॅन्टीनमधल्या मुख्य आचाऱ्याला सगळे मामा म्हणतात. पोटात उजवीकडे अधूनमधून कळ यायची. मामा ती ॲसिडिटीच्या गोळीवर निभावून न्यायचे. अखेर बायकोने पिच्छा पुरवला आणि सोनोग्राफी झाली. पित्ताशयात खडे होतेच, शिवाय टोकाशी भिंत जाड झाली होती. ही जाडी निरुपद्रवी असू शकते, कॅन्सरचीही असू शकते. ऑपरेशन छोटं की मोठं, ते एमआरआय पाहून ठरणार होतं.

सकाळी उपाशीपोटी या, असं बजावलं होतं. मामा पहाटेच कॅन्टीनला जाऊन दुपारचा स्वयंपाक मार्गी लावून आले. यंत्रात आडवे झाले, सांगितलं तसा श्वास रोखला. पहिली चित्रं पाहून टेक्निशियनबाई त्यांना घेऊन बाहेर बायकोपाशी आल्या.

"मामा, काय खाल्लंत?"

"पाणीसुद्धा नाही, शप्पथ!"

"पित्ताशय आक्रसलंय. पोटात तेल-तूप गेलं की ते पित्त ओतून मोकळं होतं."

बायकोने वळून पाहिलं. "अहो, ग्रेव्ही चाखलीत?"

"मग? मीठ काय वासावर कळतं?"

"किती पातेल्यांतली?"

"सगळ्याच. पण चमचा-चमचाच गं. चाखणं खाण्यात धरत नाहीत."

"तुमचं पित्ताशय धरतं," टेक्निशियनबाई म्हणाल्या. आक्रसलेल्या पित्ताशयाची निरोगी भिंतही जाड दिसते. उद्या पुन्हा यायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी बायकोने मामांना कॅन्टीनकडे फिरकू दिलं नाही. तिथून फोन आला, मीठ किती घालायचं म्हणून. "तुमच्या जिभेला विचारा," असं सांगून तिने तो ठेवला.

या खेपेला पित्ताशय भरलेलं होतं. रेडिओलॉजिस्टने पडद्यावर बोट ठेवलं. जाड भिंतीच्या आत द्रवाने भरलेले बारीक कप्पे ओळीने पांढरे चमकत होते.

"कॅन्सरची भिंत सहसा अशी दिसत नाही. हा निरुपद्रवी प्रकार वाटतो. खडे आहेत, त्रास होतोय, तेव्हा पिशवी काढावी लागेल, पण दुर्बिणीतून. काढल्यावर ती तपासायला जाईल. शेवटचा शब्द त्या तपासणीचा."

बायकोने विचारलं, "म्हणजे छोटं ऑपरेशन?"

"छोटं."

ती इतका वेळ उभी होती, ती आता खुर्चीत बसली.

"कामावर कधी जाता येईल?" मामांनी विचारलं.

"आधी ऑपरेशनची तारीख तर घ्या."

"ती मी घेते," बायको उठत म्हणाली. "यांच्यावर सोडलं, तर पुढच्या दिवाळीपर्यंत ॲसिडिटीच्या गोळ्या खात बसतील."